किडनीची चाहूल रक्ताला आधी लागते

बॉस्टनच्या जॉसलिन डायबेटिस सेंटरमध्ये १९९०च्या दशकात मधुमेहाच्या रुग्णांकडून रक्त घेतलं गेलं, त्यातला द्रव वेगळा काढला गेला आणि छोट्या नळ्यांमध्ये भरून खोल गोठवून ठेवला गेला. रुग्ण घरी गेले, त्यांचं आयुष्य सुरू राहिलं. कुणी ठणठणीत राहिलं, कुणी डायलिसिसवर गेलं. कुणाचं काय झालं याची नोंद आंजेय क्रोलेव्स्की आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं ठेवत होते. टाइप २ मधुमेहाच्या अशा ४१० जणांच्या ८ ते १२ वर्षांच्या नोंदी हाताशी आल्यावर त्यांनी त्या जुन्या नळ्या बाहेर काढल्या आणि त्यातली काही प्रथिनं मोजली.

२०१२ साली प्रसिद्ध झालेले ते आकडे आजही वाचताना अंगावर काटा येतो. टीएनएफ रिसेप्टर १ नावाचं एक प्रथिन ज्यांच्या रक्तात सगळ्यांत जास्त होतं, त्या वरच्या पाव हिश्श्यातल्या लोकांपैकी ५४ टक्के लोकांची किडनी १२ वर्षांत पूर्ण निकामी झाली. उरलेल्या तीन हिश्श्यांत हे प्रमाण होतं फक्त ३ टक्के. रक्त दिलं त्या दिवशी हे सगळे एकाच दवाखान्यातले, एकाच आजाराचे रुग्ण होते. त्यांच्या वाटा पुढे कुठे फुटणार, याची खूण त्या नळीत आधीच होती.

याचं अप्रूप का वाटावं, हे कळायला किडनीचा स्वभाव माहीत हवा. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत देतात. आणि हे सगळं मुकाट्यानं. एकत्र कुटुंबात दोघं-तिघं अंथरुणाला खिळली तरी बाकीची माणसं कामाचा गाडा ओढतात आणि शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, तसंच इथे चालतं. गाळण्या बंद पडत जातात, उरलेल्या दुप्पट राबतात. दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज येते, लघवीला फेस येतो, तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

नेहमीची रक्ततपासणीसुद्धा या मौनापुढे फसते. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते, म्हणून रक्तात तो साठू लागला की किडनी थकली असं आपण म्हणतो. पण किडनीची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'च्या चौकटीत राहू शकतो.

त्याच्या आधी काही दिसतं का, हे शोधायला डॉक्टर लघवीकडे वळले. १९६०च्या दशकात लंडनमध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजण्याची रीत बसवली. रक्तातलं हे प्रथिन चांगल्या गाळणीतून सहसा निसटत नाही. ते निसटू लागलं की गाळणीला इजा झाली समजायचं. ही तपासणी मोलाची आहे आणि आजही तिच्यावरच भिस्त आहे. पण २००३ मध्ये जॉसलिनमधूनच एक चकित करणारा निष्कर्ष आला. टाइप १ मधुमेहाच्या ज्या लोकांच्या लघवीत थोडं अल्ब्युमिन जात होतं, त्यांच्यापैकी ५८ टक्के लोकांचं प्रमाण सहा वर्षांत निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं. म्हणजे ही वाट एकेरी नाही. उलट काहींच्या लघवीत काहीच सापडत नाही आणि तरी किडनी उतरणीला लागलेली असते. मग खरोखर घसरणारे कोण आणि सावरणारे कोण, हे ओळखायचं कसं? इथे त्या गोठवलेल्या नळ्या कामी आल्या.

टीएनएफ हा शरीरात दाह पेटवणारा निरोप्या. पेशींच्या पृष्ठभागावर त्याचा निरोप घेणारी प्रथिनं असतात, ती हे रिसेप्टर. त्यांचा बाहेरचा भाग कधीकधी तुटून रक्तात तरंगू लागतो आणि तोच या तपासणीत मोजला जातो. नवल म्हणजे निरोप्याचं रक्तातलं प्रमाण पुढचं इतकं नीट सांगत नाही. सांगतात ते त्याचे हे तुटलेले रिसेप्टर.

पुढच्या टप्प्यात मोनिका नीवचास आणि सहकाऱ्यांनी दाहाशी नातं असलेली १९४ प्रथिनं एकदम मोजली. त्यासाठी डीएनएचे छोटे, विशिष्ट घडीचे तुकडे वापरतात. प्रत्येक तुकडा एकाच प्रथिनाला धरतो, त्यामुळे थेंबभर द्रवात शेकडो प्रथिनांची मोजदाद होते. जॉसलिनमधले टाइप १ चे रुग्ण, टाइप २ चे रुग्ण आणि ॲरिझोनातले पिमा आदिवासी, अशा तीन वेगळ्या गटांत त्यांनी शोध घेतला. पिमा लोकांमध्ये टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जगात फार वरचं आहे आणि १९६५ पासून त्यांच्या संमतीनं तिथे दीर्घकाळ अभ्यास झाला. वंश वेगळा, आहार वेगळा, आजाराचा प्रकारही वेगळा, तरी १७ प्रथिनांचा एकच संच पुढच्या दहा वर्षांतल्या किडनीच्या धोक्याशी जोडलेला निघाला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते: ही प्रथिनं मुख्यतः किडनीतून आलेली नव्हती. ती शरीरात इतरत्र तयार होत होती. किडनीच्या नशिबाचा काही भाग किडनीबाहेर लिहिला जात असेल, ही कल्पनाच थरारक आहे. खूण म्हणजे कारण नव्हे, हे भान ठेवायलाच हवं. तरी संधिवातावर वापरलं जाणारं बॅरिसिटिनिब हे औषध दिल्यावर मधुमेही किडनी-रुग्णांच्या रक्तात या संचातली प्रथिनं उतरली, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

आता नाण्याची दुसरी बाजू. जॉसलिनमध्ये मधुमेहासह ५० वर्षं जगलेल्यांना पदक देण्याची प्रथा आहे. इन्सुलिनच्या आधारावर अर्धशतक काढूनही यातल्या कित्येकांच्या किडन्या शाबूत आहेत, शुगर नेहमीच आटोक्यात होती असं नसतानाही. काहींनी मरणोत्तर आपल्या किडन्या संशोधनाला दिल्या. जॉर्ज किंग यांच्या गटानं त्या तपासल्या तेव्हा, शाबूत राहिलेल्या किडन्यांच्या गाळण्यांमध्ये ग्लुकोज वापरून संपवणारी विकरं जास्त आढळली, त्यात पीकेएम२ हे ठळक. २०२१ मध्ये क्रोलेव्स्कींच्या गटाला रक्तात तीन प्रथिनं अशी मिळाली, जी जास्त असलेल्यांची किडनी कमी घसरते. म्हणजे रक्तात धोक्याच्या खुणा आहेत, तशा राखणदारांच्याही आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न जवळचा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. त्यात आपल्या शरीराची एक खोच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिनही कमी तयार होणार. मग किडनी आहे त्यापेक्षा चांगली असल्याचा भास होणार. चंडीगढच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवलं की क्रिएटिनिनवर आधारलेली प्रचलित सूत्रं भारतीयांच्या किडनीची क्षमता वाढवून सांगतात. सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी इथे मदतीला येते, कारण ते प्रथिन जवळपास सगळ्याच पेशी बनवतात. स्नायूंवर ते तितकंसं अवलंबून नाही.

टीएनएफचे दोन रिसेप्टर आणि किडनीच्या नलिकांना इजा झाली की वाढणारं किम-१, या तिन्हींसोबत रुग्णाची इतर माहिती जोडून धोका सांगणाऱ्या एका तपासणीला अमेरिकेच्या एफडीएनं २०२३ मध्ये परवानगी दिली. आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये अजून तिची वाट पाहावी लागेल. पण धोका लवकर कळण्याला आज पूर्वी कधी नव्हता इतका अर्थ आहे. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन या गोळीनं किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटवला आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शननं २४ टक्क्यांनी. किडनी शिल्लक असतानाच ही औषधं वाचवतात.

म्हणून घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा दोन तपासण्या कराच: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज. टाइप २ असेल तर निदान झालं त्या वर्षापासून, टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर. लघवीचा आकडा ३० च्या वर आला तर घाबरू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा जोरदार व्यायाम यांनीही तो चढतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. अंगकाठी बारीक असेल तर सिस्टॅटिन सी करावं का, हे डॉक्टरांना विचारा. फक्त उपाशीपोटीची शुगर बघून समाधान मानू नका.