विलगीकरण अंतर

जालन्यात वाढलेल्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि संकरित बियाणे ही आमच्या गावाची ओळख झाली. संकरित बाजरीचा प्रमाणित बीजोत्पादन प्लॉट दुसऱ्या बाजरीपासून २०० मीटर दूर लागतो. अंतर कमी पडले, तर शेजारचा पराग वाऱ्यावर येतो. कणसे भरतात, दाणाही चांगला दिसतो. भेसळ कळते ती पुढच्या हंगामात, दुसऱ्याच्याच शेतात.

हाच धडा मला संगणकाने पुन्हा दिला. सर्व्हर कसा उभा करायचा, त्यावर काय चालवायचे, बॅकअप कधी घ्यायचा, हे आता पपेट किंवा टेराफॉर्मसारख्या साधनांच्या भाषेत लिहून ठेवतात. ते लिखाण बरोबर आहे का, हे छोट्या छोट्या चाचण्या तपासतात. प्रत्येक चाचणीला नमुन्याची माहिती पुरवावी लागते.

एका संस्थेसाठी मी अशा चाचण्या लिहिल्या. पहिलीने सामाईक माहितीत ‘बॅकअप चालू’ अशी नोंद केली. दुसरीने तपासायचे होते, की नोंदच नसेल तरी बॅकअप सुरू होतो का. माझ्या लिखाणात ती सोय राहून गेली होती; पण पहिलीची नोंद मागे उरल्याने दुसरीही उत्तीर्ण झाली. नव्या सर्व्हरवर ती नोंद नव्हती. डिस्क बिघडली, तेव्हा तीन आठवड्यांचे काम गेले. चूक माझीच होती.

तेव्हापासून प्रत्येक चाचणी आपली माहिती स्वतः तयार करते, पूर्वीचे काही गृहीत धरत नाही. मी चाचण्या एकेकट्या चालवतो, क्रम उलटसुलट करतो; निकाल बदलला, की कुठेतरी पराग आला हे समजते. साधनाने कुंपण नेमके कुठे घातले आहे, तेही पाहावे लागते. टेराफॉर्मच्या २०२३मधल्या १.६ आवृत्तीतील चाचणी-आज्ञा प्रत्येक फाइलची स्थिती वेगळी ठेवते. पण एकाच फाइलमधल्या पायऱ्या सहसा एकच स्थिती वापरतात.

अंतर म्हणजे पडीक रान नव्हे. मधल्या पट्ट्यात बाजरी सोडून दुसरे पीक घेता येते. तशीच कोणीही न बदलणारी माहिती चाचण्यांनी खुशाल वाटून घ्यावी. जपायचे ते बदलणाऱ्या माहितीला. कारण तिची भेसळ हिरव्या निकालातून दिसत नाही.