नकाशा कुणाचा?

आमच्या बेळगावात जुलैमध्ये पावसाची झड लागली की मुलं घरात कोंडली जातात. अशाच एका आठवड्यात माझ्या नातवानं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एक बेट काढलं. डोंगर, ओढे, चाच्यांची गुहा, शिवाय कुठल्या बाजूला किती पाऊस तेही! एका खाडीला नाव दिलं होतं 'मळे'. मी विचारलं, "भाजीचे का रे?" तो म्हणाला, "नाही गं आज्जी, अम्माचा मळे. पाऊस!" सून कानडी माहेरची, आमच्याकडे एकेका शब्दाची अशी दोन-दोन पिकं निघतात.

पुढच्या रविवारी मी रद्दी काढली. त्यात ते कॅलेंडरही गेलं. दोन दिवस पोरगा माझ्याशी बोलला नाही. शेवटी मी त्याला 'ट्रेझर आयलंड'च्या नकाशाची गोष्ट सांगायला बसले.

1881 सालचा ऑगस्टअखेर. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन कुटुंबासह स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी राहायला आला होता. बाहेर पाऊस आणि गारठा, घरात तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड आणि त्याची रंगपेटी. तिथं एका बेटाचा नकाशा तयार झाला. स्टीव्हन्सननं पुढे लिहिलं की तो आपणच काढला. लॉइडची आठवण वेगळी आहे. नकाशा मी रंगवत होतो, वडील मागून वाकले, नावं घालू लागले, आणि शेवटी कागद त्यांनी स्वतःच्या खिशात घातला; मला जरा वाईट वाटलं, असं तो सांगतो. मला लॉइडचं खरं वाटतं. खिशात गेलेला कागद मूल विसरत नाही.

त्या कागदावरून स्टीव्हन्सननं पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं लिहिली. बेट नऊ मैल लांब, पाच मैल रुंद, उभ्या राहिलेल्या लठ्ठ ड्रॅगनसारखं. कप्तान फ्लिंट सहा माणसांना घेऊन खजिना पुरायला उतरला आणि एकटाच परत आला, ही तिथली दंतकथा. हवा मात्र वाईट! नांगर टाकल्या जागी कुजक्या पानांचा वास येतो, आणि डॉक्टर लिव्हसी लगेच ओळखतो की इथं ताप आहे. गंमत म्हणजे तोवर स्टीव्हन्सननं असलं उष्ण बेट पाहिलंच नव्हतं. पाइनची झाडं आणि टेकड्या त्यानं बऱ्याचशा कॅलिफोर्नियातून उचलल्या, जिथं तो नुकताच राहून आला होता. पॅसिफिकची बेटं त्यानं पाहिली 1888 नंतर, आणि 1894 मध्ये सामोआतल्या बेटावरच वारला. बेटाचे अक्षांश-रेखांश पुस्तकात दिलेले नाहीत. कारण थोडा खजिना अजून तिथंच आहे! इथं नातवाची कळी जरा खुलली.

मग मी मुद्द्यावर आले. पुस्तक छापायच्या वेळी मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही, वाटेत हरवला. स्टीव्हन्सनला स्वतःचंच पुस्तक उघडून, त्यातला एकेक उल्लेख टिपून, नवा नकाशा जुळवावा लागला. तो वडिलांच्या कचेरीत काढला गेला. वडील दीपस्तंभ बांधणारे नामांकित इंजिनिअर. पण फ्लिंटची खोटी सही त्यांनीच हौसेनं ठोकली. नकाशा देखणा झाला, त्यात देवमासे आले, गलबतं आली. तरी हे आपलं बेट नव्हे, असं स्टीव्हन्सनला कायम वाटत राहिलं.

"मग तू त्याला सॉरी म्हणालीस?" नातवानं विचारलं. त्याच्या डोक्यात स्टीव्हन्सन आणि आज्जी एकच झाली होती. मी म्हटलं, "तुला म्हणते."

त्या संध्याकाळी आम्ही नवा कागद घेतला. त्यानं सांगायचं, मी काढायचं. गुहा डावीकडे की उजवीकडे, यावर वाद झाला. ओढा कुठून निघत होता ते त्यालाही आठवेना. तासाभरानं त्यानं कागद दूर धरून पाहिला.

"हे ते नव्हे गं आज्जी."

तरी खाडीचं नाव मी आधीच घालून ठेवलं होतं. त्यानं पेन्सिल घेऊन 'मळे'च्या पुढं कानडीतही तेच लिहिलं, आणि कागद घडी करून स्वतःच्या दप्तरात घातला.