लेकरू खो-खोच्या मैदानात उतरते तेव्हा

सुगीची कामे उरकत येतात न येतात तोच शाळांच्या खेळांचे दिवस सुरू होतात. जिल्हा परिषद शाळेतली पोरे आधी केंद्राच्या स्पर्धेत खेळतात, जिंकली तर तालुक्याला जातात आणि तिथून जिल्ह्याला. फडक्यात भाकरी-चटणी बांधून नऊ-दहा वर्षांची पोरे पहिल्यांदाच परगावच्या मैदानावर उतरतात. तुमच्या घरातलेही एखादे त्यात असेल. सामना बघायला तुम्ही अवश्य जा. पण जाण्याआधी पोराचा खेळ थोडा समजून घ्या. न समजता केलेली आरडाओरड पोराच्या मनाला फार लागते.

खो-खोचेच घ्या. आपण सगळे लहानपणी तो खेळलो आहोत, म्हणून आपल्याला तो येतोच असे वाटते. पण १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधायला घेतले, तेव्हापासून तो चांगलाच काटेकोर झाला आहे. आठ गडी मधल्या पट्टीवर ओळीने बसतात, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे. नववा पाठलाग करतो. पळणारे तिघे-तिघे करून आत येतात. पळणाऱ्याला कसेही वळता येते, बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडायची नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत सोडायची नाही. खो मिळण्याआधी बसलेला उठला, तरी चूक धरतात.

आता तुमच्या पोरीला त्या ओळीत बसलेली बघा. कधी कधी सबंध पाळीत तिला एकदाच खो मिळतो, कधी तेवढाही नाही. घरी येताना बाप म्हणतो, "नुसती बसून तर होतीस, केलंस काय?" खरे पाहता ती नुसती बसलेली नव्हती. पळणारा कुठून येतो, आपल्यामागे खो घेऊन कोण पोचते आहे, याकडे तिचा एकेक क्षण डोळा होता. खो मिळताच झेप घ्यायची आणि त्याआधी तीळभरही हलायचे नाही, हे दहा वर्षांच्या जिवाला सोपे नसते. राखणीला बसलेला माणूस रिकामा असतो का? तसेच हे.

पळतीत पोरगे चार क्षणांत बाद झाले, तरी तेच. पहिल्या खेपेला पोरे घाबरून सरळ पळतात आणि सापडतात. हुलकावणी देणे, दोन गड्यांच्या मधून निसटणे, खांबाजवळ न अडकणे, हे पायांना कळायला वर्ष-दोन वर्षे जातात. वासराला पहिल्याच दिवशी कोणी औताला जुंपत नाही.

दुसरी गोष्ट, रेषेबाहेरून सूचना देऊ नका. गुरुजी सांगतात "थांब", तुम्ही ओरडता "पळ". पोर तुमच्याकडे बघते आणि तेवढ्यात बाद होते. पंचाशी हुज्जत घालणेही तसेच. त्याने निकाल बदलत नाही. पोराची मान मात्र खाली जाते. टाळ्या वाजवा, आणि समोरच्या गावच्या पोराने चांगली पळती केली तर त्यालाही वाजवा. तेही कोणाचे तरी लेकरूच आहे.

तुमच्या हातातली कामे वेगळी आहेत. आदल्या रात्री नखे कापा. भाकरी सामन्याच्या दीड-दोन तास आधी खाऊ घाला, भरल्या पोटी पळवू नका. घरचे पाणी भरून द्या. गावच्या मैदानातले खडे-काटे वेचायला आणि पाणी मारून माती बसवायला चार जण पुढे या. खांब गुळगुळीत आहे ना, त्यावर हात फिरवून बघा.

आणि मायबहिणींनो, तुम्हाला एक विशेष सांगणे. मुलगा हरला तर आपण "पुढच्या वर्षी जिंकशील" म्हणतो. मुलगी हरली तर "पुरे आता, वेचणीला चल" म्हणतो. कामाची नड खरी आहे, ती कोणी नाकारत नाही. पण सरावाचा संध्याकाळचा एक तास तिच्यासाठी राखून ठेवता आला तर पाहा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी आणि मुलांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. प्रत्येक मूल तिथवर जाईल असे नाही, आणि तशी आस धरून लेकराला पिळूही नये. पण पुढच्या वर्षी मैदानात उतरावे की नाही, हे पोर बहुतेक वेळा सामना संपल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावरून ठरवते.

म्हणून परत येताना "जिंकलात का?" हे आधी विचारू नका. "खो किती मिळाले? कोणाला हुलकावणी दिलीस?" असे विचारा. मग बघा, घर येईपर्यंत पोराचे तोंड थांबणार नाही.