पास काढावा की अर्धं तिकीट?

मैत्रिणींनो, 2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती. एका कागदासाठी नागपूर गाठायचं, सोबत घरचं कुणीतरी. म्हणजे दोघांचं भाडं आणि बुडालेली मजुरी.

आता विद्यापीठ जवळ आलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीटही आहे. पण रोज जाणाऱ्या मुलीला ते महागच पडतं बरं का! विद्यार्थी पासाला साधारण एक तृतीयांशच भाडं लागतं. 60 रुपयांच्या अंतराला अर्ध्या तिकिटाने 30, पासाने 20. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट, म्हणून पुढे तो पैसे भरून काढायचं राहून जातं. परीक्षेपुरतं जाणं असेल तर अर्धं तिकीटच बरं. संध्याकाळची शेवटची गाडी कधी सुटते, तेही प्रवेश घेण्याआधी डेपोत विचारून या.