जिल्ह्याचे नाव कोठे लिहावे? जाव्हा वेब ॲप्लिकेशनमधील सामाईक सेटिंग

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. डहाणू आणि तलासरी यांच्यासह आठ तालुके नव्या जिल्ह्यात आले. गावे आणि चिकूच्या वाड्या जागच्या जागी राहिल्या. बदलला तो पत्त्यातील एक शब्द. असा एक शब्द आज्ञावलीत किती ठिकाणी लिहावा, हा या उपघटकाचा विषय आहे.

तलासरीजवळच्या एखाद्या महाविद्यालयाचे जाव्हातील वेब ॲप्लिकेशन त्या वेळी वापरात होते, अशी कल्पना करा. त्यात तीन सर्व्हलेट आहेत. सर्व्हलेट म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या मागणीला उत्तर देणारा, सर्व्हरवरील जाव्हाचा घटक. एक सर्व्हलेट प्रवेश अर्ज घेतो, दुसरा शुल्काची पावती देतो, तिसरा बोनाफाईड प्रमाणपत्र तयार करतो. तिघांतही ‘जि. ठाणे’ हे शब्द वेगवेगळे लिहिलेले आहेत. जिल्हा बदलल्यावर दोन घटक सुधारले गेले आणि तिसरा राहून गेला, तर एकाच विद्यार्थिनीच्या पावतीवर पालघर आणि प्रमाणपत्रावर ठाणे येईल. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत ही कागदपत्रे जोडल्यावर विसंगतीचा खुलासा तिलाच करावा लागेल. तलासरीहून कार्यालयापर्यंतचा हेलपाटाही तिचाच.

यावरील उपाय सोपा आहे. ॲप्लिकेशनसोबत ‘वेब.एक्सएमएल’ नावाची एक फाइल असते. तीत ‘कॉन्टेक्स्ट-पॅराम’ या खुणेखाली सेटिंगचे नाव आणि मूल्य एकदाच लिहितात. ॲप्लिकेशन सुरू होताना सर्व्हर ही मूल्ये ‘सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट’ या वस्तूत ठेवतो. ही वस्तू सर्व घटकांची सामाईक असते. प्रत्येक घटक तिच्याकडे ‘गेटइनिटपॅरामीटर’ या पद्धतीने नाव सांगून मूल्य मागतो. जेएसपी पानात हीच वस्तू ‘ॲप्लिकेशन’ या नावाने आयती मिळते.

येथे नवशिके हमखास अडखळतात. प्रत्येक सर्व्हलेटची स्वतःची खासगी सेटिंगेही असतात. ती ‘इनिट-पॅराम’ या खुणेखाली लिहितात आणि ‘सर्व्हलेट कॉन्फिग’कडून घेतात. दोन्हीकडे मूल्य मागण्याच्या पद्धतीचे नाव एकच आहे! सामाईक मूल्य खासगी कप्प्यात शोधले, किंवा नावातील एखादे अक्षर चुकले, तर जाव्हा तक्रार करीत नाही, निमूटपणे ‘नल’ परत देते. प्रमाणपत्रावर ‘जि. नल’ असे छापले गेले, तर चूक कोठे शोधावी हे आता आपणांस कळेल.

ही मूल्ये केवळ मजकूर स्वरूपात असतात. शुल्काची रक्कम हवी असल्यास तिचे संख्येत रूपांतर करावे लागते. फाइल बदलल्यावर ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करावे लागते.

‘सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट’मध्ये आज्ञावलीतूनही मूल्ये ठेवता येतात, आणि तेथे अधिक सावधगिरी हवी. हे स्थान सर्वांचे असल्याने एका विद्यार्थ्याचे नाव किंवा गुण तेथे ठेवू नयेत. डहाणूच्या विद्यार्थ्याने मागितलेली गुणपत्रिका त्याच क्षणी तलासरीच्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटू शकते. व्यक्तिगत माहितीसाठी ‘सेशन’ ही वेगळी सोय आहे.

आणखी एक प्रश्न उरतो, तो मला तांत्रिक बाबींहून महत्त्वाचा वाटतो. जुलै २०१४ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत आज मागितली, तर त्यावर कोणता जिल्हा यावा? मूळ कागदावर ठाणे होते, म्हणून प्रतीवरही ठाणेच हवे. ते नाव सेटिंगमधून घेतल्यास जुना दस्तऐवज नकळत खोटा ठरेल. ‘आज आपण कोठे आहोत’ हे सेटिंग होय. ‘त्या दिवशी काय लिहिले’ ही नोंद होय, आणि नोंदीची जागा डेटाबेसमध्ये, त्या प्रमाणपत्राच्या तारखेशेजारी असते.

स्वयंअध्ययन : महाविद्यालयाचे नाव, विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक, शैक्षणिक वर्ष आणि भरलेल्या शुल्काची रक्कम यांपैकी सामाईक सेटिंग कोणते? शैक्षणिक वर्षाविषयी उत्तर देताना मागील वर्षाच्या पावतीचा विचार करा.