मोटारसायकलचा कोनसेट

कोनसेट हा मोटारसायकलच्या चासीच्या पुढील टोकाला असलेल्या तिरप्या नळीत बसवलेल्या धारव्यांचा, म्हणजेच बेअरिंगांचा, संच होय. हँडल, फोर्क आणि पुढचे चाक यांना डावीउजवीकडे सहज वळू देणे, परंतु पुढेमागे किंवा वरखाली मुळीच हलू न देणे, हे त्याचे कार्य आहे. नावातील 'कोन' हा भूमितीतील कोन नव्हे. शंकू या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते रुळलेले रूप आहे. सायकलदुरुस्तीतही हाच शब्द वापरतात.

रचना

जुन्या मोटारसायकलींमध्ये बहुधा सुट्या छऱ्यांचा कोनसेट आढळतो. चासीच्या नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी एकेक पोलादी वाटी घट्ट ठोकून बसवलेली असते. फोर्कला जोडलेला दांडा या नळीतून वर येतो. त्याच्या बुडाशी एक कोन व वरच्या टोकाला दुसरा कोन असतो आणि कोन व वाटी यांमधील गोल खोबणीत छरे फिरतात. रॉयल एनफील्ड बुलेटच्या जुन्या नमुन्यांत पाव इंच (6.35 मिमी) व्यासाचे 19 छरे वर आणि तितकेच खाली असतात. वरचा नट कमीअधिक आवळून संपूर्ण संचाचा ताण ठरवला जातो.

झीज

कोनसेट साध्या घर्षणाने झिजतो, हा समज अपुरा आहे. चाकाचे बेअरिंग अखंड फिरत असते. कोनसेट मात्र प्रवासातील बहुतेक वेळ सरळ स्थितीत, जवळजवळ जागच्या जागी थांबलेला असतो. त्यामुळे खड्ड्यांचे हादरे छऱ्यांमार्फत वाटीच्या त्याच त्या बिंदूंवर आदळतात. सूक्ष्म कंपनांमुळे तेथील ग्रीस बाजूला सरते, धातू धातूला घासतो आणि तांबूस भुकटी तयार होते. हळूहळू प्रत्येक छऱ्याखाली एक खळगा पडतो. खालच्या वाटीवर वजनाचा भार अधिक असतो, शिवाय चाकाने उडवलेले पाणी व चिखलही तेथेच पोहोचतो. म्हणून सामान्यतः ती आधी खराब होते. गाडी धुताना जोरदार दाबाचा फवारा थेट या जागी मारल्यास ग्रीस वाहून जाते.

दुचाकी सरळ जाते ती हँडल ताठ धरल्यामुळे नव्हे. तोल एका बाजूला ढळू लागला की हँडल किंचित त्याच बाजूला वळते आणि गाडी सावरते. चालकाच्या लक्षातही न येणारी ही दुरुस्ती सतत चालू असते. छरे मधल्या खळग्यांत अडकू लागले की नेमक्या याच हालचालीला अटकाव होतो आणि गाडी, विशेषतः कमी वेगात, नागमोडी चालू लागते.

तपासणी

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी ठेवावे व हँडल एका बोटाने सावकाश फिरवावे. मध्यभागी खटका जाणवल्यास खळगे पडले आहेत असे समजावे. त्यानंतर फोर्कची खालची टोके धरून पुढेमागे हलवावीत. 'टक' असा आवाज आला तर संच ढिला आहे. मात्र फोर्कचे झिजलेले बुश किंवा चाकाचे बेअरिंगही असाच आवाज करतात, म्हणून हालचाल नेमकी कोठे होते ते दुसऱ्या हाताची बोटे सांध्यावर ठेवून पाहावे.

खटका लागणारा कोनसेट आवळून दुरुस्त होत नाही. आवळल्याने आवाज थांबतो, पण छरे खळग्यांत अधिकच रुततात व हँडल जड होते. केवळ नवे छरे घालण्याचाही उपयोग नसतो, कारण दोष वाट्यांत असतो. वाटी थोडी फिरवून बसवण्याची जुनी युक्ती काही काळ निभावते, इतकेच.

बदलण्याची पद्धत

इंजिनाखाली भक्कम ठोकळा देऊन पुढचे चाक, मडगार्ड, हँडल व फोर्क उतरवतात. नट सोडताना दांडा हाताने धरून ठेवावा लागतो, अन्यथा छरे जमिनीवर विखुरतात. खाली कापड अंथरलेले बरे. जुने छरे मोजून ठेवावेत.

जुन्या वाट्या नळीच्या विरुद्ध तोंडातून लांब गज घालून, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोके देत काढतात. गज टेकवायला कडा नसेल, तर काही कारागीर वाटीच्या आतील पृष्ठभागावर वेल्डिंगची एक रेघ ओढतात. थंड होताना वाटी आकसते व सैल पडते. नवी वाटी बसवताना तिच्यावर जुनी वाटी पालथी ठेवून ठोकतात. छरे फिरतात त्या खोबणीवर घाव बसता कामा नये. वाटी पूर्ण बसली की ठोक्याचा बद्द आवाज बदलून खणखणीत होतो. ती तिरकी बसली, तर नवा संचही लवकर बिघडतो. दांड्यावरील खालचा कोन मापाच्या पाइपने बसवतात.

खोबणीत ग्रीस भरून त्यात छरे चिकटवतात. ते दाटीने कोंबू नयेत. थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे.

ताण ठरवणे हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. नट प्रथम आवळून हँडल दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवतात, म्हणजे भाग आपापल्या जागी बसतात. मग नट किंचित सोडतात. पुढेमागे हालचाल नसावी, पण हलका धक्का दिल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत गेले पाहिजे. वरचा मुख्य नट घट्ट केल्यावर हा ताण बदलतो, त्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर वाट्या आणखी बसून थोडा ढिलेपणा येऊ शकतो; तेव्हा ताण पुन्हा जुळवतात.

रोलरचा पर्याय

सुट्या छऱ्यांऐवजी निमुळत्या रोलरांचे बेअरिंगही बसवता येते. छरा एका बिंदूवर टेकतो, रोलर रेषेवर. त्यामुळे भार विभागला जातो व खळगे उशिरा पडतात. खरेदीपूर्वी आतील व्यास, बाहेरील व्यास व उंची ही तिन्ही मापे जुळतात का ते पाहणे आवश्यक असते. उंचीत फरक पडल्यास वरच्या नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत.