घराला पडवी हवी

पावसाळा म्हटलं की कवींना मेघ आठवतात, मला मात्र आमच्या फ्लॅटचं दार आठवतं. चिखल तुडवत आलेल्या चपला, गळणाऱ्या छत्र्या, मुलाचा रेनकोट, दप्तर, भाजीची पिशवी, सगळं आत शिरल्याशिरल्या तिथंच पडतं. तिथून गुळगुळीत लादीवर पाण्याचे ओघळ निघतात ते थेट सोफ्यापर्यंत. 'पावसाळ्यात चालायचंच,' असं म्हणत आम्ही डोंबिवलीत कितीतरी वर्षं काढली.

गेल्या जुलैत अशाच ओघळावरून सासूबाई घसरल्या. हात टेकायला गेल्या आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर! दोष कुणाला देणार? गळणारी छत्री माझीच होती.

गळ्यात हात अडकवून बसलेल्या सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "अगं, तुमच्या घरात सगळं आहे. पडवी तेवढी नाही."

त्यांचं माहेर राजापूरकडचं. कोकणातल्या त्या घरात बाहेरचा माणूस एकदम आत येतच नाही. अंगणात दगडी डोण, तिच्यावर तांब्या. पाय धुवायचे, जांभ्याच्या पायऱ्या चढायच्या की पडवी. इरलं खुंटीला, काठी कोपऱ्यात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पुढून झापं बांधलेली. मग ओटी, आणि त्यानंतर माजघर. चिखल पायरीपायरीनं बाहेरच राहायचा. फ्लॅटमध्ये मात्र दार उघडलं की आपण थेट माजघरात!

जिन्यात कपाट ठेवावं, तर आग लागल्यावर सगळ्यांना तीच वाट मोकळी हवी. तेव्हा दाराच्या आतली चार फूट बाय तीन फूट जागाच पडवी ठरवली. तिथलं शोभेचं टेबल हललं. सासूबाई सांगत होत्या, मी आणि सुतार ऐकत होतो.

पहिली गोष्ट, बसायला बाक. दीड फूट उंचीचा. म्हाताऱ्या माणसाला एका पायावर उभं राहून चप्पल काढायला लावू नये. बाकाखाली पट्ट्यापट्ट्यांची उघडी मांडणी, कारण बंद कपाटात ओल्या बुटांना बुरशी येते. भिंतीवर खुंट्यांच्या दोन रांगा, एक आमची आणि एक मुलाच्या हाताला येईल अशी. दप्तर जमिनीवर का पडत होतं, ते तेव्हा कळलं! छत्र्यांना जुनी बादली. दाराबाहेर चिखल खरवडायला काथ्याचं पायपुसणं. आत पाणी टिपणारं, खालून रबर असलेलं. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि भिजले की बदलायचे. हे पानही चालेल, पण वाचून झाल्यावर! चामड्याचे बूट मात्र गॅसजवळ वाळवू नयेत, तडे जातात.

आणि पाय धुणं. ही नुसती जुनी रीत नव्हे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ पसरली. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या लहानशा जखमेतूनही हे जंतू शरीरात शिरतात. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून आलं की आधी बाथरूम, साबण, मग पाय कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

खर्च फारसा झाला नाही. सवय लागायला मात्र महिना गेला. सर्वांत उशिरा लागली ती यजमानांना.

प्लास्टर निघालं त्या दिवशी सासूबाई दवाखान्यातून आल्या, बाकावर टेकल्या आणि एका हातानं दुसरं मनगट चोळत सावकाश चपला काढू लागल्या. एवढ्यात शेजारचे काका भिजत दारात आले. मुलगा ओरडला, "काका, थांबा! आमची पडवी आहे. छत्री बादलीत!"

सासूबाई हसल्या आणि काकांना जागा द्यायला बाकावर थोड्या सरकल्या.